ड्रिपमधला क्षार काढताना: डाळिंब बागेतल्या ॲसिड ट्रीटमेंटच्या नोंदी

बाग सांगोला तालुक्यात, एक एकर डाळिंब, १५ बाय १० फुटांवर लावलेली, १४ ओळी, २९४ झाडं. प्रत्येक ओळीला दोन लॅटरल (ओळीतून जाणाऱ्या बारीक नळ्या), झाडाला चार ड्रीपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं), ४ लिटर तासाचे. पाणी बोअरचं, जड. ड्रिपला सात वर्षं झाली. गेल्या वर्षी एकाने सांगितलं म्हणून एकरी अर्धा लिटर ॲसिड व्हेंच्युरीतून (वाहत्या पाण्याच्या ओढीने खत-औषध पाइपात खेचणारं उपकरण) सोडलं होतं, काही मोजलं नाही आणि काही फरकही पडला नाही. या वेळी मोजून करायचं ठरवलं आणि रोजच्या रोज वहीत लिहिलं, तेच इथे देतोय. ज्याला करायचंय त्याचे निदान माझ्याइतके दिवस जायला नकोत.

२६ डिसेंबर

ताण (बहर धरण्यासाठी पाणी तोडणं) चालू आहे त्यामुळे बागेला पाणी नको होतं, पण मोजल्याशिवाय काहीच कळणार नाही म्हणून फक्त दहा मिनिटं मोटर चालू केली. २० ड्रीपर निवडले, काही ओळीच्या तोंडाला, काही मध्ये, काही शेवटाला, आणि प्रत्येकाखाली एक मिनिट वाटी धरली. ४ लिटरच्या ड्रीपरने मिनिटाला ६७ मिली द्यायला पाहिजे. सरासरी आली ४१. तोंडाचे ५५-६०, शेवटचे २५-३०, आणि दोन तर पूर्ण बंद. म्हणजे ओळीच्या शेवटची झाडं गेली दोन वर्षं अर्ध्या पाण्यावर आणि अर्ध्या खतावर उभी होती आणि मी फळ बारीक राहतंय म्हणून औषधं बदलत बसलो होतो. याचं खूप वाईट वाटलं.

२८ डिसेंबर

शेवटच्या ओळीतली वीतभर नळी कापून उभी चिरली. आतून पांढुरका-तपकिरी थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो, ड्रीपरच्या तोंडाला तर खडूसारखा गोळाच झालेला. बोअरचं पाणी जमिनीतून येताना चुनखडी विरघळवून घेऊन येतं, बायकार्बोनेटच्या रूपात, तेव्हा ते दिसत नाही. काळी नळी उन्हात तापली, तोंडाशी पाणी सुकलं, की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि परत चुनखडी होऊन बसते.

आता तीन ग्लास घेतले आणि प्रत्येकात एकेक पापुद्रा टाकला. पहिल्यात पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक, दुसऱ्यात बॅटरीचं ॲसिड म्हणजे सल्फ्युरिक, तिसऱ्यात स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. व्हिनेगरमध्ये बारीक बुडबुडे, तासाभराने पण तुकडा तसाच. हायड्रोक्लोरिकमध्ये सोडा वॉटरसारखा फेस आला आणि पाच मिनिटांत तुकडा गायब, खाली फक्त थोडी माती. सल्फ्युरिकचं बघण्यासारखं होतं: सुरुवातीला जोरात फसफसलं, मग हळूहळू थांबलं आणि तुकड्यावर पांढरी साय धरल्यासारखं दिसायला लागलं. ही साय म्हणजे जिप्सम. चुन्यातलं कॅल्शियम सल्फेटला जाऊन मिळतं, तो क्षार पाण्यात फार विरघळत नाही आणि आतला चुना झाकून टाकतो. हायड्रोक्लोरिकने होतं कॅल्शियम क्लोराईड, ते पाण्यात पूर्ण विरघळतं, फ्लश केलं, म्हणजे नळीचं टोक उघडून पाणी सोडलं, की बाहेर. दुकानात सल्फ्युरिक घ्या, ते जास्त कडक असतं, असं सांगतात. कडक असतं हे खरंच, पण आपल्याला आतली चुनखडी धुवून बाहेर काढायचीय, तिथे दुसरा दगड करून ठेवायचा नाही.

३० डिसेंबर

खरेदी. हायड्रोक्लोरिक ३३ टक्केवालं ५ लिटर, २०० रुपये. पेनासारखं पीएच मीटर (पाणी किती आम्ल ते दाखवतं, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ९०० रुपये, सोबत मीटर सेट करायला ४.००, ६.८६ आणि ९.१८ च्या पावडरच्या पुड्या. रबरी हातमोजे, डोळ्याचा चष्मा, १० मिलीच्या सिरिंज बिनसुईच्या, हे सगळं मिळून ३४० रुपये.

घरी येऊन लगेच मीटर सेट करायला बसलो. पुडीवर लिहिलेलं २५० मिली पाण्यात विरघळवा, मी घेतलं माठातलं पाणी. माठात बोअरचंच पाणी! ४.०० च्या पुडीला पेन दाखवतंय ४.६. मला वाटलं पेनच खराब, दुकानदाराला फोन लावला, तो म्हणाला दादा, पाणी कुठलं घेतलंत? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बायकार्बोनेट आम्लारीसारखं वागतं, त्याने पुडीतलं थोडं आम्ल खाऊन टाकलं आणि माझं चारचं माप चारचं राहिलंच नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, २५ रुपये, नवीन पुड्या ६० रुपये, आणि अर्धा दिवस गेला.

२ जानेवारी

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. बादलीची टेस्ट. हे केल्याशिवाय कोणीही ॲसिड सोडू नका, हात जोडून सांगतो.

प्लास्टिकच्या बादलीत बोअरचं १० लिटर पाणी मोजून घेतलं, सिरिंजने एकेक मिली ॲसिड टाकत गेलो, प्रत्येक वेळी काठीने ढवळायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि वाचायचं. ॲसिड पाण्यात टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. सुरुवातीला ७.६. १ मिलीला ७.०, २ ला ६.७, ३ ला ६.५, ४ ला ६.३, ५ ला ६.१. इथे थोरला भाऊ म्हणाला, अरे हे पाणी ॲसिडला दाद देत नाहीये, सरळ कॅन ओत. मी म्हटलं थांब. ६ ला ५.८, ७ ला ५.४, बादलीच्या कडेने बारीक बुडबुडे चिकटलेले. आठवा मिली पडला आणि एकदम ४.२. नववा पडला, ३.०. म्हणजे पहिल्या सात मिलीत जेवढं उतरलं नाही तेवढं पुढच्या दोन मिलीत उतरलं. भावाचं ऐकून कॅन ओतला असता तर कुठे जाऊन पोचलो असतो सांगता येत नाही.

पाण्याचा जुना रिपोर्ट काढून बघितला: बायकार्बोनेट ८.० मिलिइक्विव्हॅलंट (ते किती ॲसिड खाईल याचं माप) प्रतिलिटर. १० लिटरला ८०. या ॲसिडचा एक मिली साधारण १० खातो. म्हणजे बरोबर ८ मिली! रिपोर्ट आणि बादली इतके जुळतील असं वाटलं नव्हतं, वही घेऊन पुतणीला दाखवायला गेलो. ती आठवीत आहे, तिला शाळेत आम्ल-आम्लारी आहेच, तिने दोन मिनिटांत मला समजावलं की पीएचची एक पायरी म्हणजे दहा पट. तिच्या हिशोबाने ३ वरून २ वर न्यायला अजून ९ मिली लागतात, आणि टाकून बघितलं तर खरंच तेवढे लागले.

रिपोर्ट वाचताना आपण सगळे पीएचचा आकडा बघतो आणि बायकार्बोनेटची ओळ सोडून देतो. किती ॲसिड लागणार ते पीएच सांगत नाही, बायकार्बोनेट सांगतं. ७.६ पीएचचं दुसरं पाणी असेल आणि त्यात बायकार्बोनेट २ असेल तर त्याला चौथा हिस्सा ॲसिड पुरेल. गेल्या वर्षीचा माझा अर्धा लिटर या हिशोबात १० लिटरला ४ मिलीच्या आसपास येत होता, म्हणजे ६.३ पीएच. त्याने चुना काय विरघळणार.

५ जानेवारी

फिटिंग. व्हेंच्युरी प्लास्टिकची आहे ती चालते. बसवलीय सँड फिल्टरच्या पुढे, म्हणजे ॲसिड सँड फिल्टरच्या लोखंडी टाकीत जात नाही. पण मध्ये एक जीआयचं (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचं) निपल, म्हणजे जोडणीचा तुकडा, होतं ते माझ्या लक्षातच नव्हतं. एक जुना तुकडा होता तो पातळ ॲसिडमध्ये बुडवून बघितला तर वरचा जस्ताचा थर फसफसून निघाला आणि खालचं काळं लोखंड उघडं पडलं. पीव्हीसीचं निपल बसवलं, ३० रुपये आणि दोन तास. जाळी फिल्टरची स्टीलची जाळी त्या दिवसापुरती काढून ठेवायची.

आणखी एक चूक याच दिवशी कळली. ॲसिडचा कॅन ३० तारखेपासून मोटरच्या खोलीत ठेवला होता, बूच थोडं सैल राहिलं असणार. सहा दिवसांत पान्यांवर, स्क्रूड्रायव्हरवर लाल गंज, स्टार्टरच्या पेटीच्या कडेला पण. हायड्रोक्लोरिकची वाफ उडते आणि लोखंड धरते. कॅन बाहेर सावलीत ठेवला, मुलांच्या हाताला लागणार नाही असा, बाजूला चुन्याच्या निवळीची बादली, सांडलं तर ओतायला.

१० जानेवारी

छाटणी, पानगळ झाली, आज ताण तोडायचं पहिलं पाणी. त्याच्या आधी ॲसिड.

हिशोब असा केला: ११७६ ड्रीपर गुणिले ६७ मिली, म्हणजे मिनिटाला ७८ लिटर. १५ मिनिटांचं पाणी ११७० लिटर, पीएच ३ वर न्यायला बादलीच्या टेस्टप्रमाणे लिटरला ०.९ मिली, म्हणजे साधारण १.१ लिटर ॲसिड. १५ लिटर पाण्यात ते मिसळलं आणि व्हेंच्युरीची नळी आत सोडली. सोळा मिनिटांत कॅन रिकामा झाला.

दोन गोष्टी चुकल्या. एक, हिशोब नव्या ड्रीपरचा केला. तुंबलेल्या ड्रिपमधून पाणी जात होतं मिनिटाला ४८ लिटर, ॲसिड मात्र ७८ च्या हिशोबाने, त्यामुळे तोंडाच्या ड्रीपरला पीएच आला २.२. पाहिजे होता ३. नळीचं काही बिघडलं नाही, पण मोजलेला आकडा समोर वहीत असताना पॅकेटवरचा आकडा धरला ही चूकच. दुसरी मोठी. शेवटच्या ड्रीपरला सोळाव्या मिनिटाला पीएच ७.४! ॲसिड तिथे पोचलंच नव्हतं. मला वाटलेलं नळीत जेवढं पाणी मावतं तेवढं ढकललं की झालं. पण लॅटरलमध्ये पाणी जसं पुढे जातं तसं प्रत्येक ड्रीपरवर कमी होत जातं, शेवटच्या दहा फुटांत तर ते रांगतं. कॅन संपला, मी मोटर बंद केली, ॲसिड अर्ध्या रानात.

आता काही करता येत नव्हतं, २४ तास तसंच ठेवलं.

११ जानेवारी

सकाळी फ्लश करायच्या आधी सहज म्हणून प्रत्येक लॅटरलमधलं थोडं पाणी तोंडाच्या बाजूने वाटीत काढलं आणि पीएच बघितला. काही लॅटरलमध्ये अजून २.६, तर काहींमध्ये ६ च्या वर. सगळ्यांत ॲसिड तर एकच गेलं होतं. मग लक्षात आलं, जिथे चुना जास्त होता तिथे त्याने ॲसिड खाल्लं आणि स्वतः विरघळता विरघळता पीएच परत वर आणला. २.६ वाल्या नळ्यांत खायला काही उरलं नाही. म्हणजे २४ तासांनंतरचा पीएच सांगतो कुठे अजून काम बाकी आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सात लॅटरलना लाल कापड बांधून ठेवलं, त्यातले पाच एकाच बाजूचे.

एंड कॅप (लॅटरलच्या टोकाची बुचं) काढून फ्लश केलं, पाणी ताकासारखं गढूळ, मग तपकिरी, मग स्वच्छ. फ्लशचं पाणी झाडाच्या बुडात नको, बांधाकडे काढलं. दुपारी बागेला पूर्ण पाणी दिलं आणि परत वाट्या लावल्या. सरासरी ४९. तोंडाचे ६४-६५, शेवटचे तिथल्या तिथे.

१३ जानेवारी

रात्री वही बघताना एक गोष्ट टोचली. लिटरला ०.९ मिली ॲसिड, त्यातलं ०.८ नुसतं पाण्यातलं बायकार्बोनेट मारायला जातं. नळीतल्या चुन्याच्या वाट्याला ०.१. शंभर रुपयांचं ॲसिड घेतलं तर जवळजवळ नव्वद रुपयांचं पाणीच पितं. मग पाणीच बदललं तर?

शेततळ्यात पावसाचं पाणी अजून आहे. बादलीची टेस्ट केली: १० लिटरला दीड मिलीतच ४ च्या जवळ आणि अडीच मिलीला ३. बोअरला नऊ लागले होते. एवढं सोपं होतं आणि मी तळ्यातल्या पाण्याकडे बघितलं पण नव्हतं.

१६ जानेवारी

दुसरा प्रयत्न, तळ्यातलं पाणी. १ लिटर ॲसिड २५ लिटर पाण्यात, २७ मिनिटं चाललं. तोंडाला पीएच २.४. पहिल्या वेळेपेक्षा थोडं कमीच ॲसिड आणि ते जवळजवळ दुप्पट वेळ पुरलं, तरी ताकद जवळपास तेवढीच.

शेवटपर्यंत पोचवायला या वेळी चार-चार लॅटरलचे एंड कॅप उघडे ठेवले, ॲसिड आलं की बंद, मग पुढचे चार. पण आलं हे कळणार कसं, मीटर एक आणि लॅटरल २८. पुतणीने आदल्या दिवशी जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरून, त्यात गाळणीचा कागद बुडवून, वाळवून पट्ट्या केल्या होत्या. बोअरच्या पाण्यात पट्टी मळकट निळसर-हिरवी, ॲसिड आलं की एकदम लालगुलाबी. चार टोकांना चार माणसं, प्रत्येकाच्या हातात पट्टी, लाल झाली की ओरडायचं आणि कॅप लावायचा. आईपण आली होती, तिच्या टोकाला सगळ्यात उशीर लागला आणि पट्टी लाल झाली तेव्हा ती इतकी खूश झाली की कॅप लावायचं विसरली. हळदीची पट्टी पण करून बघितली होती पण हळद ॲसिडमध्ये पिवळीच राहते, फक्त साबणासारख्या आम्लारीत लाल होते, इथे उपयोग नाही.

सगळ्यांना मोजे आणि चष्मा. एकाने चष्मा कपाळावर चढवला होता, त्याला कामावरून थांबवलं. यात भिडस्तपणा करू नका.

१७ जानेवारी

२४ तासांनी पीएच: २८ पैकी २५ लॅटरलमध्ये ३ च्या खाली. फ्लश. सरासरी ५८.

२२ जानेवारी

५८ च्या वर जाईना. बंद राहिलेले ड्रीपर उघडले तर आत पांढरं काही नाही, काळी-हिरवी बुळबुळीत घाण. ॲसिडच्या ग्लासात टाकली, काहीही झालं नाही. हे शेवाळ आणि चिखल, याला ॲसिड लागू नाही, क्लोरीन लागतं. ब्लिचिंग पावडर घेणार होतो पण त्यात पण कॅल्शियम असतं, जड पाण्यात परत चुना बसवायचा धंदा. सोडियम हायपोक्लोराइट १० टक्केवालं आणलं, ५ लिटर १५० रुपये.

आणि इथे मी सगळ्यात धोक्याची चूक केली. ॲसिडची बादली नुसती रिकामी करून ठेवलेली, धुतली नव्हती. तळाला जे काही राहिलं असेल, त्यावर हायपो ओतलं. पिवळसर धूर नाही दिसला, पण एकदम असा वास आला की नाक, डोळे, घसा सगळं एका क्षणात पेटलं. बादली तिथेच टाकून वाऱ्याच्या उलट्या बाजूला पळालो. रात्रभर खोकला, दवाखान्यात जाऊन आलो, ३०० रुपये. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो दोन-चार चमचे ॲसिडमुळे, मोकळ्या रानात. मोटरच्या बंद खोलीत असतो तर ही नोंद लिहायला नसतो. दोन्हीच्या बादल्या, सिरिंज, नळ्या वेगळ्या ठेवा, त्यावर रंगाने लिहा, आणि दोन्ही ट्रीटमेंटच्या मध्ये साध्या पाण्याच्या निदान दोन पाळ्या जाऊ द्या.

२४ जानेवारी

नव्या बादलीने क्लोरीन दिलं. अर्धा लिटर हायपो, २७ मिनिटं, हिशोबाने ३० पीपीएमच्या (लिटरला ३० मिलिग्रॅमच्या) आसपास. शेवटच्या ड्रीपरला वास आला की बंद. दुसऱ्या दिवशी फ्लश, हिरव्या-काळ्या चिंध्या बाहेर पडल्या. सरासरी ६१. तळ्यातलं पाणी ॲसिडला चांगलं पण शेवाळ तिथूनच येतं, तेव्हा ते वापरायचं तर सँड फिल्टर आधी उलटा धुवून घ्यावा.

२९ जानेवारी

जाळी फिल्टर धुताना व्हेंच्युरीच्या पुढच्या भागात पांढरी पेस्ट. परत चुना? ॲसिडच्या ग्लासात टाकली. विरघळली, पण एकही बुडबुडा नाही! चुनखडी असती तर फसफसली असती. तासभर विचार केला मग खताची पाळी आठवली: आदल्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (फॉस्फेटचं खत) एकाच टाकीत कालवलं होतं, गडी म्हणाला दोन खेपा कशाला. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेट, न विरघळणारा क्षार. काचेच्या बाटलीत दोन्हीचं थोडं थोडं पाणी मिसळून बघितलं, पाच मिनिटांत दूध. म्हणजे मी इकडे ॲसिडने नळ्या साफ करतोय आणि तिकडे स्वतःच्या हाताने नवीन क्षार बनवून, तोही महागाच्या खताचा, आत सोडतोय. मॅग्नेशियम सल्फेट पण कॅल्शियम नायट्रेटबरोबर टाकू नये, तिथे घट्ट द्रावणात परत जिप्सम होतं. आता टाकीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: कॅल्शियम एकटं. नवीन काही मिसळायचं असेल तर आधी बाटलीत, रात्रभर ठेवून.

८ फेब्रुवारी

शेवटची मोजणी. ३८ ड्रीपर काही केल्या उघडले नाहीत, ते बदलले, १९० रुपये. २० वाट्यांची सरासरी ६४, सगळ्यात कमी ५६, सगळ्यात जास्त ६७. कळी निघायला लागलीय आणि या वर्षी ओळीच्या शेवटच्या झाडांवर पण तोंडाच्या झाडांइतकीच दिसतेय, रोज सकाळी जाऊन बघतो.

एकूण खर्च २,१९५ रुपये, दवाखाना धरून. ५ लिटरमधलं पावणेतीन लिटर ॲसिड शिल्लक आहे. टेस्ट, दोन ट्रीटमेंट सगळं मिळून सव्वादोन लिटर गेलं. दिवस मात्र दीड महिना. परत करायला लागलो तर चार दिवसांत होईल.

आता दर महिन्याला तळ्याच्या पाण्यातून पीएच ३ वर एकदा द्यायचं, आणि तळं आटलं की एप्रिलपासून बोअरच्या पाण्याची बादली टेस्ट परत करायची, कारण उन्हाळ्यात आमचं पाणी अजून जड होतं. नवव्या ओळीचा उजवा लॅटरल २४ तासांनी अजूनही ५.८ दाखवतोय, त्याची टोकाकडची साठ फूट नळी उद्या बदलतो.